‘बाई, आपल्याकडं नुसता माळ हाय’: गावच्या शाळेत परिसर विज्ञान शिकवण्याची वर्षभराची रीत

तिसरीचा परिसर अभ्यासाचा तास होता. ‘आपल्या गावात कोणकोणते सजीव आहेत?’ असं मी फळ्यावर लिहिलं. उत्तरं भराभर आली: वाघ, हत्ती, सिंह, मोर, गुलाब. मी म्हटलं, गावातले सांगा, पुस्तकातले नकोत. वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, आपल्याकडं काय न्हाई. नुसता माळ हाय.” त्याच वेळी खिडकीबाहेरच्या बाभळीवर खाटीक पक्षी बसला होता आणि त्यानं काट्याला टोचून ठेवलेला नाकतोडा वाऱ्यानं हलत होता.

आमची शाळा सोलापूर जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात आहे. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर. काही कोसांवर माळढोक पक्ष्यासाठीचं नान्नजचं अभयारण्य, १९७९ पासूनचं. ज्या माळासाठी सरकारनं अभयारण्य केलं, तोच माळ मुलांच्या लेखी ‘काय न्हाई’. त्यांचा दोष नाही. सातबाऱ्यावर पडीक, बोलण्यात ओसाड आणि पुस्तकातल्या चित्रात निसर्ग म्हटलं की हिरवं रान, धबधबा. आपण शिकवतो ते आणि मुलं तुडवत येतात ती जमीन यांची गाठ पडत नाही, तोवर ‘परिसंस्था’ हा शब्द पाठ होतो एवढंच.

ती गाठ घालण्याची जी रीत मला सापडली ती खाली सांगते. ती थोडक्यात अशी: चार जागा ठरवायच्या, एक वही ठेवायची आणि वर्षभर त्याच चार जागांकडे पुन्हा पुन्हा जायचं. तुमचं गाव कोकणातलं असेल तर माळाऐवजी खाजण (खाडीकाठची खारट दलदल) किंवा सडा (कातळाचं पठार) घ्या, भंडारा-गोंदियाकडचं असेल तर मामा (माजी मालगुजारी) तलाव घ्या. रीत बदलत नाही.

जूनच्या आधीची तयारी

शाळेपासून पंधरा मिनिटं चालून जाता येईल अशा चार जागा निवडा. आमच्या चार अशा: शाळेचं आवार, गायरानाचा एक तुकडा, ओढ्याचा पन्नास पावलांचा काठ आणि एका पालकाच्या शेताचा बांध. लांबची सहल एकदाच होते आणि तिच्यात मुलांना नवलाई दिसते, बदल दिसत नाही. बदल दिसायला जागा तीच लागते. ज्या ओढ्यात जूनमध्ये पाय भिजत नाही तिथं सप्टेंबरात गुडघाभर पाणी आणि फेब्रुवारीत नुसती पांढरी वाळू, हे एकाच काठावर उभं राहून बघितलं की जलचक्राची आकृती वेगळी काढून दाखवावी लागत नाही.

जागा ठरल्या की विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा आणि ठराव लिहून घ्या. गायरानासाठी ग्रामपंचायतीला एक साधा अर्ज द्या. शेतकऱ्याला तोंडी विचारलं तरी चालतं, पण विचारा. पेरणीच्या दिवसांत त्याच्या बांधावर चाळीस पोरं न सांगता उभी राहिली तर कुणालाही राग येईल. ‘अभ्यासक्रम कधी पुरा करणार?’ असं कुणी विचारलंच, तर सांगता येतं की १९९१ साली वकील एम. सी. मेहता यांनी लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले आणि २००३ मध्ये त्यासाठीचा अभ्यासक्रम एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेनं तयार करावा असं सांगितलं. मला हे एकदाच सांगावं लागलं. पुढच्या शाळाभेटीत मुलांच्या वह्याच पुरेशा झाल्या.

सुरक्षिततेचे नियम मात्र पाठ करून घ्या, आणि ते पहिल्याच दिवशी. पायात चप्पल-बूट असल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. ज्यांच्याकडे नाहीत त्यांची सोय आपण आधी करायची, त्यांना मागं ठेवायचं नाही. दगडाखाली, बिळात, गवताच्या ठोंबात हात घालायचा नाही, काठीनंच उचकायचं. आमच्या भागात नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. दंश झालाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. मुलाला धीर देऊन आडवं करायचं, दंशाचा हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं. ते कुठलं आहे, याची चौकशी जूनच्या आधीच करून ठेवा. गाजर गवत उघड्या हातानं उपटायचं नाही, त्यानं अंगावर खाज आणि पुरळ उठतो. ओढ्याला पाणी वाहत असेल तर काठावरूनच बघायचं. आणि दर वेळी दोन मोठी माणसं सोबत हवीतच. दोन शिक्षकी शाळेत ते जमत नाही म्हणून आम्ही पालकांची पाळी लावली. त्यात आज्या सगळ्यात उपयोगी पडतात. कशा, ते पुढं सांगते.

सामान म्हणाल तर सुतळीचा बंडल, पट्टी, दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या, पावडरचा जुना पत्र्याचा डबा, चार-पाच भिंगं आणि शिसपेन्सिली. पेनाची शाई पावसात पसरते, पेन्सिलीची अक्षरं टिकतात.

वही

सगळ्याचा कणा ही वही आहे. मुलांच्या वेगळ्या वह्या असू द्यात, पण वर्गाची एक जाड, पुठ्ठ्याची वही असलीच पाहिजे. तिला आमच्याकडं ‘माळाची वही’ म्हणतात. पानावर तारीख, वेळ, आभाळ कसं आहे आणि लिहिणाराचं नाव. खाली तीन रकाने: पाहिलं, मोजलं, वाटलं.

या तीन रकान्यांत सगळं विज्ञान येतं, म्हणून ते वेगळे ठेवण्यावर हटून बसा. ‘बगळे म्हशींमागं किडे खायला आले’ असं मूल लिहितं. तिथं थांबवून विचारायचं, किडे खाताना पाहिलंस का? नाही. मग ‘पाहिलं’मध्ये लिही: गायबगळे म्हशींच्या पायाजवळ चालत होते. ‘मोजलं’मध्ये: बगळे ६, म्हशी ४. ‘वाटलं’मध्ये: म्हैस चालली की गवतातले किडे उडत असतील, ते बगळ्याला सापडत असतील. आता पुढच्या शनिवारी काय बघायचं ते आपोआप ठरलं: बगळा चोच कधी मारतो, म्हैस चालताना की उभी असताना? तिसरीच्या मुलांना हा फरक दोन महिन्यांत कळतो. सातवीच्या मुलांना उलट जास्त वेळ लागतो, कारण त्यांना बरोबर उत्तर लिहायची सवय झालेली असते.

नावांचा एक नियम पाळा. आधी घरात बोलतात ते नाव लिहायचं, पुस्तकी नाव नंतर. एकाच झुडपाला तीन घरांत तीन नावं असतील तर तिन्ही लिहायची. नाव कुणालाच माहीत नसेल तर मुलांनीच कामापुरतं ठेवायचं, ‘लाल देठाचं’, ‘चिकट पानाचं’, आणि शेजारी चित्र काढायचं. शिक्षकाला सगळी नावं यायला हवीत ही भीती मनातून काढून टाका. या भीतीपायीच आपल्यातले कितीतरी जण मुलांना वर्गाबाहेर नेत नाहीत.

पहिली-दुसरीची मुलं चित्र काढतात आणि मोजतात, तिसरी ते पाचवी लिहिते, सहावीच्या पुढची तक्ते आणि आलेख करतात. एकत्र वर्ग असले तरी काम आपोआप वाटलं जातं.

जून: पाऊस आणि नक्षत्रं

शाळा उघडल्याच्या आठवड्यातच पर्जन्यमापक बसवा. दोन लिटरची सरळ भिंतीची बाटली घ्या, मधे खोबणी असलेली नको. खांद्याखाली कापा. कापलेला वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा, म्हणजे आतलं पाणी उन्हानं उडून जात नाही. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून त्यात बारीक खडे टाका आणि भिंत जिथून सरळ सुरू होते तिथवर पाणी भरा. ती झाली शून्याची रेघ. तिथून वर पट्टी लावून मिलीमीटरच्या खुणा करा. बाटली चार विटांमध्ये घट्ट बसवा. जवळचं झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल त्याच्या दुप्पट अंतर तरी मधे मोकळं हवं.

हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची असते. शेजारी राहणाऱ्या एका मुलाकडं हे काम द्या आणि महिन्यानं पाळी बदला. नोंद झाली की जास्तीचं पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओतून टाकायचं. दिवसात अडीच मिलीमीटर किंवा जास्त पडला तर तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. आपल्या गावाला पावसाचे दिवस किती, हे मुलांनी स्वतः मोजावं. तुमच्या महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असेल तर त्याच्या आकड्याशी आपला ताडून बघा. फरक येणारच. तो बाटलीचा आहे की पावसाचा, यावर वर्गात वाद होऊ द्या. आमच्याकडं एकदा वस्तीवरच्या मुलांनी दुसरी बाटली लावली आणि त्याच दिवशी त्यांच्याकडं कोरडं, शाळेत वीस मिलीमीटर.

आता नक्षत्रं. घरातली म्हातारी माणसं पाऊस तारखेनं सांगत नाहीत, मृगाचा, आर्द्राचा, हस्ताचा असा सांगतात. मृगापासून स्वातीपर्यंतची नक्षत्रं भिंतीवरच्या मोठ्या कागदावर ओळीनं मांडा. प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचं. रोजचा पाऊस त्या-त्या नक्षत्राच्या रकान्यात भरत जा. ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण मुलं घरी ऐकतात. ती स्वातीतल्या ओलीवर उभ्या असलेल्या रब्बीच्या ज्वारीबद्दल आहे, हे आपल्याच तक्त्यात दिसलं की आजोबांचं शहाणपण आणि विज्ञानाचा तास एका कागदावर येतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर लाल मखमली मृगाचा किडा कुठल्या तारखेला दिसला, पावश्या पहिल्यांदा कधी ओरडला, हेही त्याच कागदावर लिहा.

गणित इथं फुकटात शिकवून होतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या वर्गखोलीचा स्लॅब आठ बाय सहा मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर. पंचवीस मिलीमीटर पडला की छतावरून १,२०० लिटर वाहून जातं. वर्षाचे ५५० मिलीमीटर धरले तर २६,४०० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असं समजलं तरी एकवीस हजार उरतात. तीस मुलं, रोज दोन लिटर पिण्याचं पाणी, म्हणजे दिवसाला ६० लिटर. भागाकार मुलांनी केला, उत्तर साडेतीनशे दिवसांच्या पुढं आलं आणि वर्गात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मे महिन्यात टँकरमागं घागर घेऊन धावणारी मुलं होती ती.

माती

मातीला फार वेळ लागत नाही, पण दोन प्रयोग कराच. काळ्या रानातली, माळावरची मुरमाड आणि ओढ्याकाठची अशा तीन माती तीन बाटल्यांत एक तृतीयांश भरा, पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ एक-दोन तासांत, आणि चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं. थरांची उंची पट्टीनं मोजा.

दुसरा प्रयोग पाणी मुरण्याचा. पावडरच्या डब्याची दोन्ही टोकं कापून नळकांडं करा, कडा घासून घ्या आणि ते बोटभर जमिनीत ठोका. आत अर्धा लिटर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. पायवाटेवर, गवताखाली आणि काळ्या रानात. प्रत्येक वेळी मुलांनी आधी अंदाज लिहायचा. काळ्या रानात हा प्रयोग जूनच्या सुरुवातीला भेगांवर आणि पुन्हा ऑगस्टमध्ये करा. जूनमध्ये पाणी भेगेत गडप होतं. ऑगस्टमध्ये माती फुगून भेगा मिटलेल्या असतात आणि पाणी तसंच उभं राहतं. माती तीच, जागा तीच, उत्तर उलटं.

जुलै ते सप्टेंबर: एका चौकोनातला माळ

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, घाई करू नका.

चार मीटर सुतळीला दर मीटरला गाठ मारा. चार काटक्या रोवून एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन करा. एक चौकोन चरणीच्या गायरानात आणि एक कुंपणाच्या आत, जिथं जनावर येत नाही तिथं. दर पंधरा दिवसांनी तेच चौकोन. पहिल्या दिवशी मुलं म्हणतील, ‘गवत हाय.’ मग विचारा, किती प्रकारचं? पानं हातात घेऊन बघायला सांगा: रुंद, अरुंद, खरखरीत, केसाळ, खोडाचा रंग, पेर कसं आहे. अर्ध्या तासात प्रकार वेगळे निघू लागतात. नावं नंतर.

मोजायचं काय? प्रकार किती, सगळ्यात उंच पात्याची उंची, उघडी जमीन किती, आणि मुंग्या, कोळी, नाकतोडे, लेंड्या असं जे दिसेल ते. उघडी जमीन मोजायला चौकोनाच्या आत वीस-वीस सेंटीमीटरवर सुतळी ताणा. पंचवीस छोटी घरं होतात. उघडी घरं मोजून चारनं गुणलं की टक्केवारी. पाचवीची शेकडेवारी आम्ही अशीच शिकतो.

पहिल्या वर्षी मी एका गवताला ठामपणे मारवेल म्हणाले. त्या दिवशी सोबतीला आलेल्या आजींनी, ज्यांचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलं, माझ्या हातातली काडी घेतली आणि मुलांना म्हणाल्या, “मारवेलीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतंय. हिच्या कुठाय?” नव्हतं. मी सगळ्यांसमोर वहीतलं नाव खोडलं आणि आजींनी सांगितलेलं लिहिलं. त्यानंतर मुलं माझ्यासाठी आठवडाभर पेरं तपासून आणत होती. कुठलं गवत मेंढी आधी खाते, कुठलं शेळी तोंडात घेत नाही, कुठल्यानं दूध वाढतं, ही माहिती धनगर कुटुंबांतल्या मुलांकडं घरचीच असते. वर्गात तिला जागा मिळाली की ती मुलं शिकवणारी होतात.

कुसळीला बी धरलं की एक तास फक्त तिचा. डोळ्यातलं कुसळ सगळ्यांना म्हणीत माहीत असतं. वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवा आणि पाण्याचा थेंब सोडा. त्याची पिळलेली शेपटी उलगडत गोल फिरू लागते. वाळली की पुन्हा पिळते. दिवसाचं ऊन आणि रात्रीचं दव यांनी ही शेपटी फिरत राहते आणि टोकदार बी मातीत स्क्रूसारखं शिरतं. पेरणी करणारा कुणी नसताना माळ स्वतःला कसा पेरतो, ते मुलांच्या तळहातावर घडतं. तेच कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतं, म्हणून मेंढपाळ त्या दिवसांत कुसळीचा माळ टाळतात, हेही तिथंच निघतं.

जमलं तर गायरानाचा पाच बाय पाच मीटरचा तुकडा बोर-बाभळीच्या काटेरी फांद्यांनी वर्षभर बंद करा. ग्रामपंचायत एवढी परवानगी देते. हिवरे बाजार आणि राळेगण सिद्धीत चराईबंदीनं डोंगर हिरवे झाले हे मुलांनी ऐकलेलं असतं. इथं ते स्वतः मोजतात. काही गवतं आत वाढतात, पण काही छोटी फुलझाडं चरलेल्या भागातच जास्त सापडतात, म्हणजे चराई नेहमी वाईटच असते असं नाही. हा गुंता मुलांपुढं उघडा ठेवा, सोडवून देऊ नका.

याच दिवसांत शेणाचा प्रयोग करा. ताज्या शेणाचे दोन सारखे पो घ्या, एक माळाच्या गवतावर ठेवा, दुसरा फरशीवर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला. तासानं, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं बघा. आधी माश्या, मग शेणकिडे. गवतावरचा पो काठीनं उचलला की खाली जमिनीत भोकं दिसतात: शेण खाली ओढून नेलेलं असतं. फरशीवरचा वाळून त्याची गोवरी होते. गावात इतकी जनावरं असून माळ शेणानं का भरला नाही, हा प्रश्न विचारून गप्प बसा. विघटक हा शब्द त्यानंतर सांगा. हात साबणानं धुवायला लावा.

झाडं कुठं लावायची नाहीत

हे मी चुकून शिकले. नोकरीच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत मी मुलांना घेऊन गायरानात खड्डे घेतले आणि मिळाली ती रोपं लावली, बरीचशी ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ. फोटो काढले. मार्चपर्यंत पाण्यावाचून बहुतेक रोपं जळाली. पुढच्या पावसाळ्यात त्या उकरलेल्या मातीत गाजर गवत माजलं. जिथं आधी कुसळी आणि पवन्याचं सलग गवत होतं आणि टिटवी बसायची, तिथं मी मुलांच्या हातून ते घालवलं होतं.

माळ म्हणजे झाडं नसलेलं जंगल नव्हे. कमी पाऊस, पातळ मुरमाड माती आणि चरणारी जनावरं यांच्यात घडलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. माळढोकाला मोकळं गवताळ रान लागतं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे मोकळ्या माळाचे. तिथं दाट झाडी लावली की त्यांचं घर मोडतं. म्हणून जुलैत वृक्षारोपणाचा आदेश आला की रोपं आवारात, रस्त्याकडेला आणि बांधावर लावा, तीही कडुलिंब, करंज, बोर, बाभूळ अशी. आणि मोजकी लावा. एक मूल, एक रोप, चार उन्हाळे पाणी.

थंडी: पक्षी आणि विहीर

दुर्बिणीची वाट बघू नका. मुलांना माळाच्या कडेला दहा मिनिटं न बोलता उभं करा. पहिल्या तीन मिनिटांत काही दिसत नाही, मग दिसू लागतं. रंगापेक्षा आकार, चाल आणि काय करतोय हे लिहायला सांगा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो: ५ ला मारुती चितमपल्ली यांची जयंती, १२ ला सालिम अली यांची. चितमपल्ली सोलापूरचे, हे आमच्या मुलांना मुद्दाम सांगते. याच दिवसांत मध्य आशियाकडून भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात, गवतावरून खालून तरंगत नाकतोडे टिपतात आणि रात्री माळावरच जमिनीवर टेकतात. गवत गेलं तर भोवत्या कुठं झोपेल आणि नाकतोडे कोण खाईल, ही साखळी जुलैच्या चौकोनातले नाकतोडे मोजलेल्या मुलांना लगेच जोडता येते.

विहिरीची पातळी मोठ्या माणसानंच मोजायची, तीही कठडा असलेल्या विहिरीची. दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेला दोर आणि टोकाला वजन पुरतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असे चार महिने धरते, तेच धरा. आलेख पावसाच्या तक्त्याखाली चिकटवा. गावात पाण्याच्या पाळ्यांवरून चर्चा निघाली की हा कागद ग्रामसभेत न्या, आणि तो मुलांनाच समजावू द्या.

ग्रामपंचायतीत जैवविविधता कायदा २००२ खाली केलेली लोक जैवविविधता नोंदवही असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) ती मागून घ्या आणि मुलांना आपल्या वहीशी ताडून बघू द्या. आपल्या वहीत आहे पण तिच्यात नाही, अशी यादी करून जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी द्या.

उन्हाळा आणि परीक्षा

फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक मुलानं एक झाड धरायचं आणि आठवड्यातून एकदा चार गोष्टी लिहायच्या: जुनी पानं, नवी पालवी, फूल, फळ. पळस, कडुलिंब, बोर, बहावा, जे घराजवळ असेल ते. दुसऱ्या वर्षी त्याच झाडाची तारीख जुळते का, ते बघण्यातच गंमत आहे.

टिटवीची अंडी सापडली की वीस पावलं मागं, आणि जागा कुणालाही सांगायची नाही. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असं लोक म्हणतात. ते खरं की खोटं यावर मी बोलत नाही. लांबूनच जागा उंच की सखल ते लिहायचं, आणि त्या वर्षीचा पाऊस शेजारी. आमच्याकडं चार वर्षांच्या नोंदी आहेत. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, असं मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलानंच सांगितलं.

परीक्षेत व्याख्या विचारायचं मी बंद केलं. वहीतलं एक पान समोर ठेवते आणि विचारते: यात पाहिलेलं कोणतं, वाटलेलं कोणतं? ऑगस्टच्या दोन चौकोनांत फरक का? पुढं काय मोजशील?

शेवटचं काम एप्रिलच्या अखेरीचं. सुट्टीत वळीव येतो आणि तो नोंदला गेला नाही तर वर्षाचा आकडा अपुरा राहतो. म्हणून बाटली शाळेच्या कुलपात ठेवू नका. विटांसकट शेजारच्या मुलाच्या परड्यात हलवा, शून्याची रेघ पुन्हा तपासा, आणि माळाची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच घरी द्या. यंदा ती चौथीतल्या एका मुलीकडं आहे. तिनं पहिल्याच पानावर लिहिलंय: ‘२ मे. वळीव. ११ मिलीमीटर. मातीचा वास आला. वास कसा मोजायचा?’